नोंदवहीतील देह : एका कादंबरी-परंपरेची ओळख

डिस्टोपियन कादंबरी म्हटले की मराठी वाचकाला आधी जॉर्ज ऑर्वेल आठवतो. भिंतीवरचा टेलिस्क्रीन, पोस्टरवरचा मिशीवाला चेहरा, कालची बातमी आज बदलून टाकणारे सरकारी खाते. सत्ता माणसाच्या मनात कशी शिरते, हा त्या पुस्तकाचा विषय, आणि आणीबाणी पाहिलेल्या पिढीला तो कोणी समजावून सांगावा लागला नाही. याच साहित्यप्रकारात दुसरा एक प्रवाह आहे. तो तितकाच जुना, आणि आपल्याकडे त्याची चर्चा त्या मानाने फार कमी झाली. सत्ता देहात कशी शिरते, हे तो विचारतो. मूल कोणी जन्माला घालायचे, कोणी घालायचे नाही, कोणाच्या परवानगीने, कोणत्या रंगाचे कपडे घालून, आणि जन्मलेले मूल कोणाचे म्हणायचे. हे पुस्तक त्या प्रवाहाविषयी आहे.

विषय ऐकून काही वाचक पाऊल मागे घेतील, याची कल्पना आहे. रोजच्या वर्तमानपत्रात जे वाचून जीव उबगतो, तेच पुन्हा कल्पित देशात आणि कल्पित काळात का वाचायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्याला एक उत्तर असे, की या परंपरेतील चांगल्या लेखिका आणि लेखक क्रौर्याच्या वर्णनात फारसे रमत नाहीत. त्यांना कुतूहल असते ते व्यवस्थेचे. छळ कोणत्या कायद्याने सुरू झाला, त्याचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावा लागतो, शिक्का कोण मारतो, आणि हे सगळे चालू असताना शेजारीपाजारी काय करत असतात, हे ते दाखवतात. नव्याने येणाऱ्या वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे : या कादंबऱ्यांत चाबकापेक्षा वहीकडे लक्ष द्या. वही सापडली की कादंबरी उलगडते.

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन याने १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘वुई’मध्ये ही वही अगदी ठसठशीत दिसते. तिथे माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत. पडदे ओढण्याची मुभा फक्त गुलाबी कुपन दाखवल्यावर मिळते, आणि ते कुपन म्हणजे ठरावीक दिवशी ठरावीक व्यक्तीच्या सहवासाची सरकारी परवानगी. ओ-९० नावाच्या स्त्रीला मूल हवे आहे. तिला ते नाकारले गेले आहे, कारण मातृत्वासाठी ठरवलेल्या मापापेक्षा तिची उंची दहा सेंटिमीटरने कमी आहे. झाम्यातिनला स्त्रीप्रश्नावर लिहायचे नव्हते, त्याची नायक-नायिकाही वेगळी आहेत. तरीही त्या दहा सेंटिमीटरमध्ये पुढच्या शतकभराच्या कादंबऱ्यांचे बीज आहे.

ऑल्डस हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) मुले बाटल्यांत वाढतात आणि ‘आई’ हा शब्द अश्लील ठरलेला असतो. तिथल्या स्त्रिया कंबरेच्या पट्ट्यात गर्भनिरोधके बाळगतात, कारण ती बाळगणे त्यांच्या शिस्तीचा भाग आहे. नेमक्या त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. त्याआधी १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले होते, आणि लेखनाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटलेही झाले. हक्स्लीच्या जगात जे साधन स्त्रीला जखडते, तेच कर्व्यांच्या हातात तिची सुटका करणारे होते. म्हणून साधनाकडे पाहून निर्णय देण्याची घाई या विषयात करू नये. साधन कोणाच्या हातात आहे आणि नकार देण्याची सोय कोणाला आहे, हे आधी पाहावे. (ऑर्वेलची ज्यूलिया कमरेला ब्रह्मचर्य-संघाचा लाल पट्टा बांधते आणि पक्षाला फसवते. तिच्यावर बरेच लिहिले गेले आहे, इथे थांबण्याचे कारण नाही.)

थांबायचे ते कॅथरिन बर्डेकिनपाशी. तिची ‘स्वस्तिक नाइट’ १९३७ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी आणि ऑर्वेलच्या कादंबरीच्या बारा वर्षे आधी, लंडनच्या व्हिक्टर गोलान्झने प्रसिद्ध केली. मुखपृष्ठावर नाव होते मरी कॉन्स्टन्टाइन, एका पुरुषाचे. हिटलर जिंकल्यानंतर सातशे वर्षांनीचा युरोप तिने कल्पिला. हिटलर तिथे देव आहे, आणि तो स्त्रीच्या पोटी जन्मलाच नाही, अशी श्रद्धा आहे. स्त्रिया कुंपणाआडच्या वस्तीत जनावरांसारख्या राहतात. त्यांची डोकी भादरलेली असतात. मुलगा झाला तर दीड वर्षाचा होताच तो काढून घेतात. बलात्कार हा शब्दच कायद्यात उरलेला नाही, कारण स्त्रीच्या नकाराला अर्थ आहे हेच कोणाला ठाऊक नाही.

या कादंबरीत एका छायाचित्राचा प्रसंग आहे. एक वृद्ध सरदार पिढ्यान्‌पिढ्या लपवून ठेवलेला हिटलरचा खरा फोटो एका इंग्रज तंत्रज्ञाला दाखवतो. देव म्हणून पूजलेला तो धिप्पाड, सोनेरी केसांचा पुरुष प्रत्यक्षात साधा, बुटका माणूस निघतो, हा पहिला धक्का. त्याच्या शेजारी लांब केसांचे, ताठ मानेचे, सरळ पाहणारे एक तरुण माणूस उभे असते. इंग्रजाला तो देखणा मुलगा वाटतो. ती मुलगी आहे हे कळल्यावर त्याला जे वाटते, ते देव बुटका निघाल्यापेक्षा मोठे आहे. स्त्री अशी उभी राहू शकते, हेच त्याच्या जगातून पुसले गेले होते. बर्डेकिनची खरी मांडणी या दोन-तीन पानांत आहे. देहावर ताबा पुरेसा काळ राहिला, की आठवणही सत्तेच्या मालकीची होते.

मराठी वाचकाला त्या भादरलेल्या डोक्यांपाशी वेगळे काही आठवेल, आणि आठवावे. हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधली यमू स्वतःच्या तोंडाने आपली हकिकत सांगते, आणि त्या हकिकतीत केशवपन आहे. तिथे हिटलर नाही, भविष्यकाळ नाही. घरातली वडीलधारी माणसे, शास्त्राचा आधार आणि वस्तरा एवढ्यावर ते भागते. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार दिला, हा आपल्या इतिहासातला फार मोलाचा प्रसंग आहे. ज्याच्या हातात वस्तरा आहे त्यानेच तो खाली ठेवावा, हे या परंपरेतल्या फार थोड्या कादंबरीकारांना सुचले आहे. तेव्हा या साहित्याकडे येताना मराठी वाचक रिकाम्या हाताने येत नाही. ही जाण घेऊनच त्याने पुढची पुस्तके उघडावीत.

आता या प्रवाहाच्या मध्यभागी असलेल्या पुस्तकाकडे येऊ. मार्गारेट ॲटवुडने ‘द हॅन्डमेड्स टेल’ लिहायला घेतली १९८४ मध्ये, पश्चिम बर्लिनमध्ये, भाड्याने आणलेल्या जर्मन टंकलेखन यंत्रावर. भिंत उभी होती. त्या मुक्कामात ती पलीकडच्या पूर्व युरोपातही जाऊन आली. कादंबरी १९८५ मध्ये आली. लिहिताना तिने स्वतःला एक नियम घातला होता : मानवी इतिहासात कुठे ना कुठे घडलेले नाही, असे काहीही पुस्तकात घ्यायचे नाही. त्यासाठी जमवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे टोरांटो विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. कल्पित साहित्याच्या लेखिकेने पुराव्याची फाइल ठेवावी, यातच या कादंबरीचा स्वभाव कळतो.

त्या फाइलीत शोभेल अशी एक हकिकत रुमानियाची. १९६६ मध्ये चाउशेस्कूच्या सरकारने हुकूम क्रमांक ७७० काढून गर्भपातावर बंदी घातली. लोकसंख्या वाढवायची होती. गर्भनिरोधके मिळेनाशी झाली, पंचविशी ओलांडलेल्या निपुत्रिकांवर जादा कर बसला, आणि १९८० च्या दशकात कारखान्यांतल्या स्त्रियांची कामाच्या जागीच स्त्रीरोग तपासणी होऊ लागली, दिवस गेले असतील तर ते दडवता येऊ नयेत म्हणून. चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो स्त्रिया दगावल्या. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळताच जे कायदे लगोलग रद्द झाले, त्यांत हा एक होता. ॲटवुडच्या गिलियड नावाच्या धर्मराज्यात दासींना, म्हणजे सेनापतींसाठी मुले जन्माला घालायला ठेवलेल्या, लाल झगे घालणाऱ्या स्त्रियांना, दर महिन्याला डॉक्टरकडे नेतात. वाचकाला ते भविष्य वाटते. ज्या वर्षी ती लिहीत होती, त्या वर्षी ते बुखारेस्टच्या कारखान्यात चालू होते.

या कादंबरीतला सर्वांत भयंकर प्रसंग कोणता, असे विचारले तर बहुतेक जण फाशीची भिंत किंवा दासीला गर्भ राहावा म्हणून होणारा तो ‘विधी’ सांगतील. माझे मत वेगळे आहे. गिलियड येण्याच्या सुमारास, सगळे अजून जवळजवळ नेहमीसारखे असताना, नायिका कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेट घ्यायला जाते. तिचा खातेक्रमांक चालत नाही. पुन्हा टाकून पाहतात, तरी चालत नाही. त्याच दिवशी ती जिथे काम करते त्या ग्रंथालयातल्या सगळ्या स्त्रियांना घरी पाठवले जाते. संध्याकाळी उलगडा होतो. ज्या खात्यांवर स्त्री अशी खूण आहे ती सगळी एका फटक्यात गोठवली आहेत, आणि त्यांतले पैसे आता नवऱ्याला किंवा जवळच्या पुरुष नातलगाला काढता येतील. तिचा नवरा प्रेमळ आहे. तो तिला जवळ घेतो, मी आहे ना, अशी समजूत घालतो. त्याला हे फारसे खुपलेले नाही, अशी तिला शंका येते. पुस्तकातले सगळे पुढचे लाल झगे या एका संध्याकाळीतून निघतात. देहावरचा ताबा बँकेच्या खात्यापासून सुरू झाला, आणि घरातल्या चांगल्या माणसाला त्यात गैर वाटले नाही.

यानंतरच्या बारीक गोष्टी वाचकांनी सावकाश पाहाव्यात. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे रंगाने पुसली आहेत आणि फक्त चित्रे ठेवली आहेत, कारण स्त्रियांनी वाचायचे नाही. रेशनची कुपनेही चित्रांचीच, अंड्यांची, संत्र्यांची. क्रीम मिळत नाही म्हणून दासी जेवणातले लोणी लपवून चेहऱ्याला लावतात. देह आपलाच आहे, हे स्वतःला पटवण्याचा तेवढाच मार्ग उरला आहे. घोट्यावर चार आकडी क्रमांक गोंदलेला आहे. पुरुष वंध्य असू शकतो, ही गोष्ट त्या राज्याच्या कायद्याला मान्यच नाही. मूल झाले नाही तर दोष स्त्रीचा. आणि नाव? नायिका ज्या सेनापतीच्या घरी आहे, त्याचे नाव फ्रेड, म्हणून ती ऑफ्रेड. घर बदलले की नाव बदलणार. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर सुनेचे नवे नाव लिहिण्याची रीत अजून कित्येक घरांत हौसेने पाळली जाते. एवढे आठवून पुढे जावे.

ॲटवुडने कादंबरीच्या आरंभी बायबलच्या ‘उत्पत्ती’तली राहेल आणि तिची दासी बिल्हा यांची कथा ठेवली आहे. मराठी वाचकाच्या मनात तिथे अंबिका आणि अंबालिका येणारच. वंश बुडू नये म्हणून सत्यवतीने व्यासांना बोलावले. एकीने भीतीने डोळे मिटले, दुसरी पांढरीफटक पडली, आणि दोघींच्या भयाची नोंद झाली ती त्यांच्या मुलांच्या देहांवर : एक आंधळा, एक पांडुर. पुन्हा पाळी आली तेव्हा अंबिकेने आपल्या जागी दासीला पाठवले. तिच्या पोटी विदुर जन्मला, महाभारतातला सर्वांत शहाणा माणूस. त्या दासीला मात्र महाभारताने नाव दिलेले नाही. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने आपल्याला गांधारी आणि कुंती यांच्याकडे माणूस म्हणून पाहायला शिकवले आहे. त्याच नजरेने ‘द हॅन्डमेड्स टेल’ वाचली, तर ती परकी राहत नाही.

त्या दासीमुळे एक अवघड प्रश्नही येतो, आणि तो टाळू नये. ॲटवुडच्या टीकाकारांनी विचारले आहे, की नाव हिरावणे, वाचनावर बंदी, मूल काढून घेणे, मालकाच्या इच्छेने गर्भ राहणे, हे सगळे अमेरिकेत गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांनी प्रत्यक्ष भोगले. मग कादंबरीत कृष्णवर्णीयांना एका बातमीपुरते कुठेतरी दूर वसवून मोकळे कसे होता येते? टीका योग्य आहे. तिच्या जोडीला ऑक्टेव्हिया बटलरची ‘किन्ड्रेड’ (१९७९) वाचावी. त्यातली आधुनिक नायिका थेट गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. तिथे हे दुःस्वप्न भविष्यात नसून घराण्याच्या इतिहासात आहे. आपल्याकडच्या वाचकाने हाच प्रश्न जातीच्या अंगाने विचारायला हवा. सुरक्षित घरातल्या स्त्रीला ज्या जगाची भीती घातली जाते, त्या जगात काही स्त्रिया आधीपासूनच राहत असतात.

भारतीय लेखनात या दृष्टीने मंजुला पद्मनाभन यांची ‘एस्केप’ (२००८) महत्त्वाची आहे. ज्या देशात स्त्रिया संपवून टाकल्या आहेत, तिथे तीन काका एका मुलीला लपवून वाढवतात. वय लपावे म्हणून औषधे देऊन तिची वाढ रोखतात. म्हणजे तिला वाचवणारेही तिच्या देहावर ताबा ठेवूनच वाचवतात. प्रेम आणि ताबा यांतली ही गाठ पद्मनाभन सोडवत नाहीत, आणि तेच बरे. कादंबरी आली त्या दशकात महाराष्ट्रातल्या सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९१३ वरून (२००१) ८९४ वर (२०११) आली होती. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. बर्डेकिनच्या कादंबरीतही साम्राज्याला भेडसावणारे गुपित हेच आहे, की मुली जन्मायच्या कमी झाल्या आहेत.

इथे मात्र वहीविषयीचे माझे म्हणणे थोडे गुंतागुंतीचे होते. गर्भलिंगनिदानावर राज्यपातळीवर पहिला कायदा महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४ चा. आज गरोदर स्त्रीची सोनोग्राफी करताना एफ फॉर्म भरावाच लागतो. ही देखील देहाची नोंदच आहे, आणि तिची मागणी स्त्रीचळवळीने केली होती. मुलगी वाचावी म्हणून राज्याने नजर ठेवावी, आणि गर्भपाताचा स्त्रीचा हक्क मात्र त्या नजरेखाली आखडू नये, ही तारेवरची कसरत आपल्याकडच्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. पाश्चात्त्य कादंबऱ्यांत राज्य बहुतेक वेळा सरळसोट खलनायक असते. आपला अनुभव तसा एकरेषीय नाही, आणि या विषयात मराठी वाचक नवे काही म्हणू शकेल ते इथेच.

कारण ताब्याला दर वेळी हुकूमशहा लागत नाही. बीडच्या ऊसतोड मजूर स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण फार मोठे असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, फडात ना पाण्याची सोय ना आडोशाची. मग कोणीतरी सांगते, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. कुणीही तिला दंडुका दाखवून शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवलेले नसते. उचल आणि खाडा, वहीतल्या या दोन रकान्यांनी ते काम केलेले असते. झाम्यातिनचे दहा सेंटिमीटर वाचून ज्यांना हसू आले असेल, त्यांनी हे रकाने शेजारी ठेवून पाहावेत.

अलीकडच्या दशकात या प्रकारच्या कादंबऱ्यांचा पूर आला आहे, आणि पुरात गाळही बराच असतो. क्रिस्टिना डाल्चरच्या ‘व्हॉक्स’मध्ये (२०१८) स्त्रियांना दिवसाला शंभर शब्द बोलण्याची मुभा आहे. कल्पना झकास, पण कादंबरी तिच्या पुढे फारशी जात नाही. याच मुद्द्यावर सुझेट हेडन एल्जिन या भाषाशास्त्रज्ञ लेखिकेची ‘नेटिव्ह टंग’ (१९८४) अधिक खोल आहे. तिच्यातल्या स्त्रिया गुपचूप स्वतःची भाषा घडवतात, आणि एल्जिनने ती भाषा खरोखरच रचली होती. लेनी झुमासच्या ‘रेड क्लॉक्स’मध्ये (२०१८) अमेरिकेत गर्भपात पुन्हा गुन्हा ठरलेला आहे. झगे नाहीत, विधी नाहीत, फक्त एक लहान गाव आणि चार-पाच स्त्रियांचे नेहमीचे दिवस. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यावर या पुस्तकाचे वाचन बदलले. लाल झगा आणि पांढरी टोपी तर त्याआधीच, २०१७ पासून टेक्ससपासून ब्युनॉस आयर्सपर्यंत, मोर्चांतला पोशाख झाली होती. तरी भाकीत खरे ठरले की नाही, हा निकष या पुस्तकांना लावू नये. ती भविष्य सांगायला लिहिलेली नाहीत.

नव्याने सुरुवात करणार असाल तर पहिले पुस्तक ॲटवुडचेच घ्या. मालिका नंतर बघा. पडद्यावर झगे फार सुंदर दिसतात, आणि ते सौंदर्य आड येते. त्यानंतर ‘एस्केप’, मग ‘स्वस्तिक नाइट’. बर्डेकिनची कादंबरी संथ आहे, तिच्यात संवाद लांबलचक आहेत, धीर धरावा लागतो. ती १९६३ मध्ये वारली, आणि तिचे खरे नाव या कादंबरीवर छापले गेले १९८५ मध्ये, डॅफ्नी पताई या अभ्यासिकेने शोध घेतल्यावर. या सगळ्यांत मन जड झाले, तर रुकय्या सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ (१९०५) ही छोटी गोष्ट वाचा. तिच्यात पुरुष पडद्यात आहेत आणि देश उत्तम चालला आहे.

एक विनंती. ‘द हॅन्डमेड्स टेल’च्या अखेरीस ‘ऐतिहासिक टिपणे’ नावाचे परिशिष्ट आहे. पुष्कळ वाचक ते गाळतात, तुम्ही गाळू नका. साल २१९५. विद्वानांची परिषद भरली आहे. नायिकेची हकिकत ध्वनिफितींवर सापडली आहे, आणि एक प्राध्यापक तिच्यावर निबंध वाचतो आहे. तो चुरचुरीत विनोद करतो, श्रोते हसतात. नायिका कोण होती, यापेक्षा तिचा मालक नेमका कोण होता, यात त्याला अधिक रस आहे. गिलियडला नावे ठेवण्याची घाई करू नये, असेही तो सुचवतो. या पुस्तकातले निबंध लिहिणारे आम्ही सगळे त्याच प्राध्यापकाच्या व्यवसायातले आहोत. त्याचा सूर आमच्या लेखनात कुठे उमटलेला दिसला, तर वाचकांनी त्या जागी समासात खूण करावी आणि आम्हाला कळवावे.